रुखवतातली झालर आणि समुद्रातले प्रवाळ : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात क्रोशाने विणलेल्या प्रवाळांविषयी एक छोटे टिपण दिले होते. मूळच्या ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या आणि पुढे लॉस एंजेलिसला स्थायिक झालेल्या मार्गारेट व क्रिस्टीन वर्थहाइम या जुळ्या बहिणींनी २००५ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगतच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळखडकांची दुर्दशा पाहून, लोकरीचे व दोऱ्याचे प्रवाळ विणायला घेतले. पुढे पन्नासांहून अधिक शहरांतल्या हजारो लोकांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आपापल्या गावी तसेच प्रवाळ विणले आणि २०१९ मध्ये हे काम व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात पोहोचले, हा त्या टिपणाचा मुख्य आशय होता. या विणीच्या झालरीत गणित आहे आणि समांतर रेषांचे नेहमीचे गृहीतक तिच्यावर लागू पडत नाही, असेही त्यात ओझरते म्हटले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली आहेत. ज्या मुलखाला समुद्रकिनारा नाही तिथून समुद्राविषयी इतक्या आस्थेने विचारणा व्हावी, याचा मनापासून आनंद वाटला. त्यांतल्या काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

अमळनेरहून एक गृहिणी लिहितात : मुलीच्या रुखवतासाठी गोल रुमाल विणायला घेतला आहे. पाच-सहा फेऱ्यांनंतर काठाला झालर पडू लागली. सासूबाई म्हणतात, टाके जास्त झाले, उसवून टाक. तुमच्या टिपणात मात्र याच झालरीला गणित म्हटले होते. मग उसवू की राहू देऊ?

उत्तर : रुमाल टेबलावर सपाट पसरायचा असेल तर सासूबाईंचे ऐका, कारण त्यांचे निदान बिनचूक आहे. मात्र उसवण्यापूर्वी ती झालर एकदा नीट पाहून घ्या, कारण तुमच्या हातून नकळत जे घडले आहे ते समजून घ्यायला गणितज्ञांना फार काळ लागला.

मुक्या खांबाची, म्हणजे क्रोशाच्या आखूड टाक्याची, उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी असते. गोल विणताना प्रत्येक फेरीला वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते, आणि त्रिज्या एका मापाने वाढली की सपाट वर्तुळाचा परीघ सुमारे सव्वासहा मापांनी वाढावा लागतो. म्हणूनच आपल्याकडे फेरीमागे सहा टाके वाढवण्याचा प्रघात आहे : ६, १२, १८, २४ असे. खांबाची उंची साधारण दुप्पट असल्यामुळे तिथे सहाऐवजी बारा टाके वाढवतात. ज्या बायकांनी शाळेत परिघाचे सूत्र कधी शिकले नाही त्यांनीही हा हिशेब बोटांवर अचूक सांभाळला आहे.

आता फेरीला सहापेक्षा कमी टाके वाढवले तर काठाला परीघ अपुरा पडतो, तो आत ओढला जातो आणि टोपी तयार होते. सहापेक्षा जास्त वाढवले तर काठाची लांबी जागेत मावत नाही, म्हणून तो वर-खाली लहरू लागतो. टोपीच्या पृष्ठाला धन वक्रतेचे पृष्ठ म्हणतात, सपाट रुमालाची वक्रता शून्य असते आणि झालरीची वक्रता ऋण असते. वाढीचे प्रमाण पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत सारखे ठेवले, म्हणजे दर पाच टाक्यांमागे एक किंवा दर तीन टाक्यांमागे एक असा नियम कुठेही मोडला नाही, तर जे पृष्ठ तयार होते त्याला अतिपरवलयीय पृष्ठ असे नाव आहे.

एक लहान तुकडा मुद्दाम करून पाहा. सहा टाक्यांपासून सुरुवात करा आणि प्रत्येक टाक्यात दोन टाके घेत जा. सपाट रुमालाला आठव्या फेरीत ४८ टाके लागतात, तर या तुकड्याला आठव्या फेरीत ७६८ लागतील. फेरी मोजणे कठीण होईल आणि दोराही भराभर संपेल, कारण दुपटीच्या वाढीत शेवटच्या एका फेरीलाच आधीच्या सगळ्या फेऱ्यांच्या बेरजेइतके टाके लागतात. हातात येईल तो घट्ट, गच्च घड्यांचा गेंद असेल. तो रुमालाच्या कामाचा नाही, पण प्रवाळ म्हणून उत्तम आहे. रुखवतात रुमालाशेजारी तोही ठेवावा, असे मी सुचवेन.

शहाद्याहून माध्यमिक शाळेतील एक गणित शिक्षक विचारतात : नववीच्या वर्गाला समांतर रेषा शिकवताना ‘रेषेबाहेरील बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते’ हे आम्ही गृहीत धरतो. क्रोशाच्या तुकड्यावर हे गृहीतक लागू पडत नाही असे टिपणात म्हटले होते. विद्यार्थ्यांना ते प्रत्यक्ष दाखवता येईल का?

उत्तर : दाखवता येईल, आणि फळ्यावरच्या आकृतीपेक्षा कितीतरी स्पष्टपणे दाखवता येईल.

तुम्ही लिहिता ते विधान म्हणजे युक्लिडच्या पाचव्या गृहीतकाचेच एक रूप. ते इतर चार गृहीतकांवरून सिद्ध करता येईल का, या प्रश्नामागे गणितज्ञ सुमारे दोन हजार वर्षे होते. अखेर रशियाच्या लोबाचेव्हस्की यांनी १८२९ च्या सुमारास आणि हंगेरीच्या यानोश बोयाय यांनी १८३२ मध्ये, एकमेकांच्या कामाची माहिती नसताना, हे गृहीतक बाजूला ठेवून वेगळीच पण पूर्णपणे सुसंगत भूमिती उभी करता येते असे दाखवले. गाउस यांनाही ते उमगले होते, पण त्यांनी ते प्रसिद्ध केले नाही. तर्काने ही अतिपरवलयीय भूमिती मान्य झाली, तरी ती डोळ्यांना दिसत नव्हती. अमेरिकन गणितज्ञ विल्यम थर्स्टन यांनी १९७० च्या दशकात कागदाच्या वक्र पट्ट्या एकमेकींना चिकटवून तिची प्रतिकृती करण्याची युक्ती सुचवली, परंतु ती हाताळताना फाटत असे. कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या, मूळच्या लाटव्हियाच्या डायना टाइमिन्या यांनी १९९७ मध्ये तशीच एक कागदी प्रतिकृती पाहिली आणि ती दोऱ्याने करायचे ठरवले. आधी त्यांनी दोन सुयांचे विणकाम करून पाहिले, पण त्यात ओळीचे सगळे टाके सुईवर पेलावे लागतात आणि इथे तर टाके ओळीगणिक वाढत जातात. क्रोशाच्या सुईवर एका वेळी एकच टाका असतो, त्यामुळे काम जमून गेले. ज्या साधनाने आपल्याकडे दारांची तोरणे होतात त्याच साधनाने गणितातली ही जुनी अडचण दूर केली, ही गोष्ट तुमच्या वर्गातल्या मुलींना आवर्जून सांगा.

कृती अशी. सुती जाड दोरा आणि त्या मानाने थोडी बारीक सुई घ्या, म्हणजे वीण घट्ट बसते, कारण सैल विणीचा तुकडा लोंबतो आणि घडी धरत नाही. २० साखळ्या घालून मुक्या खांबाच्या ओळी परत फिरून विणत जा आणि प्रत्येक ओळीत दर पाचव्या टाक्यात दोन टाके घ्या, म्हणजे पाचांचे सहा होतील. दहा ओळींनंतर टाके सुमारे १२४ होतात आणि वीस ओळींनंतर साडेसातशेच्या पुढे जातात. चक्रवाढ व्याजाचा धडा याच तुकड्यावर शिकवता येईल. शाळेत क्रोशे येणारी एखादी विद्यार्थिनी किंवा विद्यार्थ्याची आई नक्की सापडेल, आणि ज्या घरांना गणिताचा धाक वाटतो त्यांना या निमित्ताने वर्गात मानाने बोलावता येईल.

तुकडा तयार झाल्यावर त्याचा थोडा भाग दोन्ही हातांनी ताणून दुमडा. घडीची जी रेघ उमटते ती या पृष्ठावरची सरळ रेषा होय. तिच्यावरून लाल दोऱ्याचा धावदोरा घाला. आता रेषेबाहेर एका टाक्यात टाचणी टोचा, टाचणीतून जाईल अशी दुसरी घडी घाला आणि तिच्यावर निळा धावदोरा घाला. नंतर घडीची दिशा किंचित बदलून तिसरी, चौथी घडी घाला. टाचणीपाशी एकमेकींना छेदणाऱ्या या रेषा लाल रेषेला कुठेच भेटत नाहीत, उलट काठाकडे जाताना तिच्यापासून दूर दूर जातात. तुकडा पसरून मुलांना प्रत्येक रेषेवरून बोट फिरवू द्या. ही रेषा वाकडी आहे, अशी तक्रार कुणीतरी करीलच. त्याला तीच घडी पुन्हा घालायला सांगा, रेषा त्याच्या डोळ्यांसमोर सरळ होईल. तीन घड्यांचा एक त्रिकोण करून कोनमापकाने त्याचे कोन मोजले तर बेरीज १८० अंशांपेक्षा कमी येते आणि त्रिकोण जितका मोठा तितकी ती आणखी कमी होते.

दोन गोष्टींची काळजी घ्या. युक्लिड चुकला, असे मुलांना सांगू नका. सपाट पृष्ठावर त्याचे म्हणणे आजही तितकेच खरे आहे, पृष्ठ बदलले म्हणून नियम बदलला. दुसरे असे की, हा तुकडा अतिपरवलयीय प्रतलाचा एक भाग आहे, संपूर्ण प्रतल नव्हे. संपूर्ण प्रतल आपल्या त्रिमितीय अवकाशात गुळगुळीतपणे बसवता येत नाही, हे हिल्बर्ट यांनी १९०१ मध्येच सिद्ध केले आहे.

भुसावळहून महाविद्यालयात जीवशास्त्र शिकणारी एक विद्यार्थिनी विचारते : प्रवाळांना गणित येत नाही. मग त्यांचा आकार असा का?

उत्तर : कारण त्यांची वाढ काठावर जोरात होते. मध्यापेक्षा कडेची वाढ वेगाने झाली की कडेला जागा अपुरी पडते आणि ती मुरडते. आपल्या अंगणातल्या कोंबड्याच्या फुलाचा तुराही याच रीतीने गच्च घड्यांचा होतो. पानांसारख्या पसरणाऱ्या प्रवाळांना, तसेच काही सागरी शेवाळांना आणि स्पंजांना या घड्यांचा मोठा उपयोग होतो, कारण थोड्या जागेत पुष्कळ पृष्ठभाग मिळतो, त्यावर ऊन पडते आणि पाण्यासोबत वाहत येणारे अन्न टिपता येते. अर्थात सगळेच प्रवाळ असे नसतात. फांद्यांचे असतात, गोल घुमटांसारखे असतात, आणि जे लाल पोवळे आपण अंगठीत घालतो तो तर वेगळाच प्रकार आहे.

वर्थहाइम भगिनींचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. आरंभी त्यांनी वाढीचा नियम काटेकोर पाळला, तेव्हा तुकडे सुबक पण एकसारखे होत. नियम मध्येच सैल केला, काही फेऱ्यांत जास्त वाढ, काही फेऱ्यांत कमी, असे केले तेव्हा ते जिवंत प्राण्यांसारखे दिसू लागले. मला या सगळ्या उपक्रमात हा भाग सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो, कारण जिवंत प्रवाळाची वाढ ऊन, प्रवाह आणि शेजारी यांच्यानुसार बदलते आणि विणणाऱ्या हाताने तेच केले.

यावल तालुक्यातून केळी उत्पादक कुटुंबातील एक वाचक लिहितात : केळीच्या घडांना घातलेल्या स्कर्टिंग बॅगा आणि ठिबकच्या जुन्या नळ्या शेतात पडून असतात. त्यांचे प्रवाळ विणले तर समुद्राचे काही भले होईल का? आमच्या शेतापासून समुद्र फार दूर आहे.

उत्तर : समुद्र दूर आहे, पण वाट सरळ आहे. मध्य प्रदेशातील मुलताईला उगम पावलेली तापी बुऱ्हाणपूरकडून आपल्या जिल्ह्यात येते, पूर्णा, वाघूर, गिरणा, पांझरा यांचे पाणी घेत सारंगखेडा आणि प्रकाशा मागे टाकते, आणि उकाईचे धरण व सुरत ओलांडून अरबी समुद्राला मिळते. वाटेतल्या धरणांत आणि बंधाऱ्यांत काही कचरा अडतो, पण पुराच्या पाण्यासोबत नाल्यातून नदीत गेलेले प्लॅस्टिक परत येत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आशिया-प्रशांत भागातील १५९ प्रवाळखडकांवरील सुमारे १,२४,००० प्रवाळ तपासले गेले. ज्यांना प्लॅस्टिक चिकटलेले नव्हते त्यांना रोग होण्याची शक्यता ४ टक्के, तर ज्यांना चिकटलेले होते त्यांना ८९ टक्के आढळली. प्लॅस्टिकने प्रवाळ ओरखडले जातात, त्यांच्यावर सावली पडते आणि जंतूंना आसरा मिळतो.

विणण्याविषयी मात्र माझे मत स्पष्ट आहे. ठिबकच्या नळ्या विणू नका, त्या भंगारात द्या, कारण त्यांचा पुनर्वापर होतो. स्कर्टिंग बॅगेचे न विणलेले कापड उन्हाने कुजते आणि हाताळताना त्याचे तंतू सुटतात, तेव्हा तेही विणण्याच्या कामाचे नाही. त्या घड उतरवल्या दिवशीच गोळा करून पोत्यात भराव्यात, बांधावर टाकू नयेत किंवा पेटवू नयेत. पातळ पिशव्यांच्या आडव्या पट्ट्या कापून, त्या कड्यांसारख्या एकमेकींत अडकवून चांगली दोरी होते आणि ती जाड सुईवर विणता येते. वर्थहाइम भगिनींनी आपल्याच घरात चार वर्षे साठलेला प्लॅस्टिकचा कचरा प्रदर्शनात मांडला होता. तो पाहणाऱ्याला आपल्या घरातला डबा आठवतो, हेच त्या मांडणीचे बळ होते. मात्र प्लॅस्टिकचे प्रवाळ अंगणात किंवा शाळेच्या कुंपणावर टांगू नका. आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात त्यांचा एका-दोन हंगामांत चुरा होईल आणि तो चुरा पहिल्या पावसात नाल्याला लागेल.

धुळ्याहून एक निवृत्त शिक्षक स्पष्टच विचारतात : असे विणून एक तरी प्रवाळ वाचतो का?

उत्तर : विणल्याने वाचत नाही, आणि तसा दावा कुणी करूही नये. प्रवाळांवरचे सर्वांत मोठे संकट उष्णतेचे आहे. प्रवाळाच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते, तेच त्याला रंग आणि बहुतांश अन्न पुरवते. समुद्राचे पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशानेच जास्त तापले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि पाणी वेळेत निवले नाही तर उपाशी मरतो. ग्रेट बॅरिअर रीफवर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ या वर्षी असे मोठे विरंजन झाले. आपल्या लक्षद्वीपमध्येही १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये ते झाले. समुद्रतळाच्या एक टक्क्याहून कमी भागावर पसरलेल्या या खडकांवर समुद्री जीवजातींपैकी सुमारे पाव जाती अवलंबून आहेत, हे ध्यानात घेतले की हानीचे माप कळते.

ही उष्णता कोळसा आणि तेल जाळल्याने वाढते, आणि आपल्या घरात येणारी बरीचशी वीज अजूनही दीपनगरसारख्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रांतून येते. म्हणून प्लॅस्टिक उचलले की प्रवाळ वाचले, असे समाधान करून घेऊ नये. दोन्ही संकटे खरी आहेत, पण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. मग विणण्याचा उपयोग काय? एक प्रवाळ विणायला चार-पाच संध्याकाळ जातात. तेवढा वेळ ज्या वस्तूवर नजर खिळते ती वस्तू नंतर परकी राहत नाही. बातमीत विरंजन हा शब्द वाचणारा पुढे जातो, पण रंगीत तुकडा विणल्यावर त्याच नमुन्याचा पांढरा तुकडा विणायला बसलेल्या बाईला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. एवढ्यासाठी हे काम मला मोलाचे वाटते, याहून अधिकाची अपेक्षा मी त्याच्याकडून करत नाही.

नंदुरबारहून एक वाचक : लोकर घ्यावी की सुती दोरा?

उत्तर : सुती. बाजारात लोकर म्हणून जी स्वस्त मिळते ती बहुधा ॲक्रिलिक असते, म्हणजे प्लॅस्टिकच, आणि धुतल्यावर तिचे बारीक तंतू पाण्यात जातात. कापसाच्या मुलखात राहून त्यासाठी नवे प्लॅस्टिक विकत आणण्याचे कारण नाही. घरात आधीच शिल्लक असलेली लोकर मात्र वाया घालवू नका.

चाळीसगावहून एका महिला मंडळाच्या सदस्या विचारतात : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या मुलींना सोबत घेऊन गावाचा एक प्रवाळखडक विणावा असे ठरले आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर : आधी सर्वांनी नियमाने एकेक तुकडा विणावा : कुणी दर पाच टाक्यांमागे एक वाढवावा, कुणी दर तीन टाक्यांमागे, कुणी प्रत्येक टाक्यात. ते शेजारी ठेवले की वाढीच्या प्रमाणाने आकार कसा बदलतो हे कुणी न शिकवता कळते. त्यानंतर ज्याने त्याने मनाजोगा बदल करावा. आखाजीचे दिवस थोडे आणि झोक्यांचे असतात, म्हणून मुलींना दोरा आणि सुई सोबत देऊन सासरी विणून पाठवायला सांगा. मांडणीत एक कोपरा पूर्ण पांढरा ठेवा. खरे प्रवाळ, समुद्रपंखे किंवा त्यांचे तुकडे शोभेसाठी आणू नका, कारण खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि किनाऱ्यावर सापडलेला तुकडा उचलून आणणेही अडचणीचे ठरू शकते. ज्यांना खरे प्रवाळ पाहायचे असतील त्यांच्यासाठी आपल्या राज्यात मालवणचे सागरी अभयारण्य आहे, ते १९८७ मध्ये घोषित झाले.

आणि प्रत्येक तुकड्याखाली विणणाऱ्या बाईचे पूर्ण नाव लिहा. रुखवतात नाव नवरीचे असते, विणणारी मावशी किंवा काकू कुणाला ठाऊक नसते. वर्थहाइम भगिनींच्या प्रदर्शनांत विणणाऱ्यांची नावे दिली जातात. तुमच्या यादीत ज्यांनी फक्त चार फेऱ्या विणल्या त्यांचीही नावे असू द्या, आणि मांडणी झाली की तिचे छायाचित्र त्या यादीसह आमच्याकडे पाठवा, पुढील अंकात छापू.